कुंडीतले लिंबू का सुकते?

तुमच्या गच्चीवर किंवा शाळेच्या आवारात मोठ्या कुंडीत लावलेले कागदी लिंबाचे झाड आहे का? असल्यास ते एकदा नीट पाहा. पहिली तीन-चार वर्षे ते जोमाने वाढते. पुढे पाने लहान येतात, पिवळी पडतात, दुपारी माना टाकतात. 'पाणी कमी पडले' असे समजून आपण आणखी पाणी घालतो आणि पुष्कळदा झाड त्यानेच दगावते! असे का व्हावे?

जमिनीत मुळे वाट मिळेल तिकडे पसरतात. कुंडीत ती भिंतीला अडतात आणि तिच्यालगत गोल गोल फिरू लागतात. काही वर्षांत त्यांची चुंबळ होते. पाणी शोषण्याचे काम मुख्यतः मुळांच्या टोकांमागील सूक्ष्म मूलरोम करतात. जुन्या, जाड मुळांना ते फारसे जमत नाही. शिवाय मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन हवा असतो. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या, की मुळे गुदमरून कुजतात. मग भोवती पाणी असूनही झाड तहानलेले राहते.

आता एक सोपा प्रयोग करा. आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरा. ठिबकणे थांबले, की न दाबता तो उभा करा. पाणी पुन्हा ठिबकू लागेल! केशाकर्षण ठरावीक उंचीपर्यंतच पाणी धरून ठेवू शकते. त्यावरचे पाणी खाली उतरते. कुंडीतही तळाशी असाच एक चिंब थर राहतो. खाली खडी घातल्यास तो नाहीसा होत नाही, उलट वर सरकतो. म्हणून छिद्रावर खापराचा एक तुकडा पुरे.

कुंडी बदलण्यास पावसाळ्याची सुरुवात चांगली. हवा दमट असल्याने बाष्पोत्सर्जन कमी होते. कुंडी आडवी करून झाड मातीच्या गड्ड्यासह बाहेर काढा. कडेची व तळाची मुळे २-३ सें.मी. छाटा, काळी, कुजलेली मुळे काढून टाका. कापलेल्या जागेजवळ नवी मुळे फुटतात आणि त्यांवर नवे मूलरोम येतात. पोयट्याची माती, जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भोवती भरा. खोड पूर्वीइतकेच मातीत असावे. कलमाचा जोड मातीखाली जाता कामा नये. भरपूर पाणी द्या आणि १०-१५ दिवस झाड सावलीत ठेवा. नवी कुंडी थोडीच मोठी घ्या; कारण मुळे न पोचलेली माती फार काळ ओली राहते.

फ्रान्समधील व्हर्सायच्या राजबागेत लाकडी पेट्यांमध्ये वाढवलेली काही संत्र्याची झाडे २०० वर्षांहून जुनी आहेत. मुळांची निगा राखता यावी म्हणून त्या पेट्यांच्या बाजू उघडता येतात!

तेव्हा यापुढे झाड कोमेजलेले दिसले, तर आधी मातीत बोट खुपसून पाहा. माती कोरडी असेल तरच पाणी घाला. ओली असेल, तर दुखणे मुळांत आहे.