डब्याला डबा जोडताना

शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठी मुले खेळातली आगगाडी करतात. इंजिन झकास असते, पण वळण आले की मागचे डबे सुटतात. दोष बहुधा चाकांचा नसतो, जोडाचा असतो.

मुलांना जालना स्टेशनवर न्या आणि फलाटावरूनच, खाली न उतरता, दोन डब्यांमधला जोड दाखवा. जुन्या निळ्या डब्यांना बहुतेक आकडा, कडी आणि मळसूत्र असते, दोन्ही बाजूंना बफर. ते जोडायला माणसाला डब्यांच्या मधे शिरावे लागते. अमेरिकेत या कामात इतके हात नि जीव गेले, की १८९३ साली तिथे आपोआप जुळणाऱ्या जोडाची कायद्याने सक्ती झाली. तसा जोड ईलाय जॅने याने १८७३ मध्ये पेटंट केला होता. दोन्ही हातांची बोटे वाकवून एकमेकांत अडकवा, झाला तो जोड! डबे भिडले की लागतो. सोडायला बाजूची दांडी फिरवायची. आपल्या मालगाड्यांना आणि एलएचबी डब्यांना याच जातीचा जोड असतो. ब्रेकच्या नळ्या मात्र तिथेही माणूसच जोडतो, बरे का.

मग मुलांच्या गाडीला कोणता? माझे ऐकाल तर तारेचा आकडा नि कडी. बोटांसारखा जोड लहान मापात अचूक साधत नाही. सगळे आकडे रुळापासून एकाच उंचीवर घ्या, नाहीतर धक्क्यासरशी निसटतात. खिळा घट्ट ठोकू नका. जोड डावी-उजवीकडे हलला नाही, तर वळणावर डबाच रुळावरून खाली ओढला जातो. शेवटी गाडी उलटी ढकलूनही बघा. ओढताना शहाणा वाटणारा जोड ढकलताना आडवा पडतो.