लाजेचा खर्च : र. धों. कर्वे यांच्या 'राइट एजन्सी'कडे संशोधक म्हणून कसं बघायचं?

पीएच.डी.साठी विषय शोधणारे बरेच जण विचारतात, "लैंगिक आरोग्याच्या किंवा 'प्रौढांसाठी'च्या वस्तू विकणारा छोटा धंदा हा संशोधनाचा विषय होऊ शकतो का? गाईडला सांगायचं कसं?" होऊ शकतो, आणि चांगला होऊ शकतो. मार्केटिंगच्या पुस्तकातल्या बऱ्याच कल्पना इथे कसाला लागतात. आज एका मराठी उदाहरणावरून हा विषय उलगडून बघू. सगळ्यांनी नाव ऐकलेलं, पण धंदा म्हणून फारसं न पाहिलेलं उदाहरण : रघुनाथ धोंडो कर्वे.

केस थोडक्यात

कर्वे गणिताचे प्राध्यापक. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं क्लिनिक उघडलं तेही याच वर्षी. 1925 मध्ये या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै 1927 पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि 1953 मध्ये, मृत्यूपर्यंत, चालवलं. या सगळ्याबरोबर 'राइट एजन्सी' नावाने संततिनियमनाची साधनं विकण्याचं कामही होतं.

आपण त्यांना समाजसुधारक म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण संशोधक म्हणून दुसरा चष्मा लावून बघा. एक छोटा विक्रेता. भांडवल कमी. गिऱ्हाईक विखुरलेलं. माल असा, की गिऱ्हाईक दुकानात येऊन त्याचं नावसुद्धा घेणार नाही. मग विकायचं कसं?

गिऱ्हाईक पैशाआधी काय मोजतं?

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने 1937 च्या एका लेखात साधी गोष्ट मांडली. बाजारात व्यवहार करायलाही खर्च येतो. माहिती काढा, विक्रेता शोधा, बोलणी करा, हे सगळं फुकट होत नाही. पुढे याला 'व्यवहार खर्च' म्हणू लागले.

आपल्या विषयात या खर्चात एक मोठी भर पडते. सोयीसाठी आपण त्याला 'लाजेचा खर्च' म्हणू. (ही रूढ संज्ञा नाही. प्रबंधात वापरणार असाल तर आधी व्याख्या द्या.) त्याचे तीन भाग पडतात.

पहिला, विचारण्याचा खर्च. वस्तूला घरात बोलता येईल असा शब्दच नसतो.
दुसरा, दिसण्याचा खर्च. घेताना कोण बघेल?
तिसरा, फसण्याचा खर्च. वस्तू निकामी निघाली तर तक्रार कुणाकडे करणार?

आता 'समाजस्वास्थ्य' या तीन खर्चांसमोर ठेवून बघा. मासिकातले लेख विचारायला शब्द देत होते. वाचकांच्या प्रश्नांना छापील उत्तरं मिळत होती, म्हणजे माणसाला समोर उभं न राहता विचारता येत होतं. आणि तोच संपादक महिन्यामागून महिना आपल्या नावानिशी उत्तर देत असल्यामुळे त्याच्या शब्दावर भरवसा ठेवायला आधार होता. कर्वे यांनी मासिक विक्रीसाठी काढलं असं मला म्हणायचं नाही. लोकांना ज्ञान मिळावं हाच त्यांचा उघड हेतू होता. पण हेतू एक आणि परिणाम दुसरा असू शकतो. संशोधनात दोन्हींची नोंद वेगवेगळी करायची असते.

तक्रार न करणारं गिऱ्हाईक

तिसऱ्या खर्चावर जरा थांबू, कारण खरं नुकसान तिथे होतं.

जॉर्ज अकरलॉफने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं की विकणाऱ्याला मालाची खरी अवस्था माहीत असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. मोटारीचा गिऱ्हाईक निदान चारचौघांत शिव्या तरी घालतो. आपल्या बाजारातला गिऱ्हाईक गप्प बसतो. 'शक्तिवर्धक' गोळ्यांनी काही झालं नाही, हे तो शेजाऱ्याला कशाला सांगेल? त्यामुळे फसवणाऱ्याचं नाव खराब होत नाही आणि पुढचं गिऱ्हाईक त्याच्याकडेच जातं. वसाहतकाळातल्या पश्चिम भारतात अशा टॉनिकांच्या जाहिराती किती फोफावल्या होत्या, यावर इतिहासकार डग्लस हेन्स यांनी लिहिलं आहे. विषय घ्यायचा असेल तर ते काम आधी वाचा.

म्हणजे लाजेचा फायदा वाईट विक्रेत्याला होतो. चांगल्या विक्रेत्याला टिकायचं असेल तर उघड बोलण्याशिवाय गत्यंतर नाही. आणि नेमकं तिथेच तो अडकतो.

कायदा नेमका कशावर आला?

कर्वे यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1931 मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून, आणि 1934 मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य आहे, तर वाचकाच्या प्रश्नाला उत्तर का देऊ नये, अशा आशयाचा बचाव त्यांनी मांडला. तरी कर्वे यांना 200 रुपये दंड झाला.

इथे बारकाईने बघा. दोन्ही खटले लिहिलेल्या शब्दांवर होते, विकलेल्या साधनांवर नव्हते. हा धागा पुढेही दिसतो. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याचं कलम 3 गर्भधारणा रोखण्यासाठी किंवा लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्यासाठी औषधाची जाहिरात करायला मनाई करतं. मनाई आहे ती जाहिरातीला. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना कंडोमच्या जाहिराती रात्री 10 ते सकाळी 6 याच वेळेत दाखवायला सांगितलं. दुकानातल्या विक्रीला अशी वेळेची अट नव्हती.

आता याला छेद देणारं उदाहरणही घेऊ, कारण मौखिक परीक्षेत तेच विचारतील. परदेशातून आलेले 'बॉडी मसाजर' कस्टमने अश्लील ठरवून अडवले होते. तिथे आक्षेप थेट मालावर होता. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टमचं म्हणणं फेटाळलं. गोव्यात कळंगुटला 2021 मध्ये असं एक दुकान उघडलं आणि काही आठवड्यांतच पंचायतीने बंद करायला लावलं. कागदावरचं कारण होतं परवाना नसणं, पण स्थानिकांच्या तक्रारीही होत्या. म्हणजे 'कायदा फक्त बोलणं अडवतो' हे विधान जसंच्या तसं टिकत नाही. 'विक्रीपेक्षा तिचं उघड दिसणं आणि बोलणं जास्त वेळा अडचणीत येतं' एवढं म्हणता येईल. गृहीतक असंच घासून घ्यायचं असतं.

दुसरी वाट : निरोध

1968 मध्ये सरकारने 'निरोध' बाजारात आणला. 15 पैशांना तीन. वितरणाला चहा, साबण, सिगारेट, बॅटरी विकणाऱ्या मोठ्या कंपन्या घेतल्या, म्हणजे जिथे काडेपेटी मिळते तिथे निरोधही मिळावा. कर्वे बोलणं वाढवून लाज कमी करू पाहत होते. निरोधने बोलायची गरजच कमी केली : एक शब्द आणि सुटे पैसे, झालं काम. पण ही वाट छोट्या विक्रेत्याला परवडत नाही. त्याच्याकडे ना सरकारी अनुदान, ना चहाच्या कंपनीची गाडी. त्याच्याकडे असतो फक्त शब्द.

हा विषय घेतलात तर

1. साधनं : अशा धंद्याच्या हिशेबाच्या वह्या हाती लागतीलच असं नाही. जाहिराती, वाचकांची पत्रं, खटल्यांची कागदपत्रं हेच तुमचं भांडार. पण पत्र कोण लिहितं? ज्याला लिहिता येतं आणि धीर होतो तो. 'समाजस्वास्थ्य'मधल्या पत्रव्यवहारावर श्रीकांत बोत्रे आणि हेन्स यांचा लेख आहे, तो मध्यमवर्गीय पुरुषांविषयी आहे. यातून बायकांचा आवाज किती निसटतो, ते स्वतःला विचारत राहा.

2. प्रश्नावली : "तुम्ही हे वापरता का?" विचाराल तर उत्तर मिळणार नाही, मिळालं तरी खरं असेलच असं नाही. दुकानदाराला त्याच्या कामाबद्दल विचारा. माल कुठल्या फळीवर ठेवता? गिऱ्हाईक कुठला शब्द वापरतं? कागदात गुंडाळून देता का? कोणत्या वेळी येतात? याची उत्तरं लोक मोकळेपणाने देतात आणि लाजेचा खर्च त्यातच दिसतो.

3. नीतिनियम : मी कसबा बावड्यात राहतो, म्हणून इथलंच उदाहरण देतो. प्रबंधात 'बावड्यातल्या अमुक चौकातलं, कोपऱ्यावरचं मेडिकल' असं लिहिलं, की नाव गाळूनही उपयोग नाही. अख्ख्या बावड्याला कळतं कोण ते. गावाचं वर्णन ढोबळ ठेवा, संमती लेखी घ्या आणि प्रस्ताव नीतिशास्त्र समितीकडे वेळेत द्या.

आणि विषय सांगितल्यावर सेमिनार हॉलमध्ये कोणी हसलं, तर वहीत तारीख टाकून लिहून ठेवा. तुम्ही जो खर्च मोजायला निघालात, त्याचीच ती एक नोंद आहे.