गोंगाट आधी, हेडफोन मग

दिवाळीच्या सेलमध्ये कानासाठी काही घ्यायचं ठरलं की प्रश्न हमखास येतो: कान पूर्ण झाकणारा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यावा, की खिशात मावणारे इअरबड्स? उत्तरं बहुधा बेस, बॅटरी आणि किंमत यांच्याभोवती फिरतात. माझ्या मते या तिन्हींच्या आधी एक कसोटी लावायला हवी. आपण रोज ज्या गोंगाटात ऐकतो, त्या गोंगाटात कोणत्या साधनावर आवाज सगळ्यात कमी ठेवून भागतं? ज्यावर भागतं, ते आपलं.

ही कसोटी आवडीनिवडीची नाही, तब्येतीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी आहे. डेसिबल दर ३ ने वाढला की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. आता बदलापूरहून सीएसएमटीला रोज जाऊन-येऊन तीन तास प्रवास करणारा माणूस घ्या. गाडीच्या खडखडाटावर मात करायला त्याने आवाज ८९ पर्यंत चढवला, तर सोमवारचे तीन तास, मंगळवारी जातानाचा दीड तास, आणि मंगळवारी परतताना घाटकोपरच्या आसपास आठवड्याचा कोटा संपलेला असतो. आपण आवाज वाढवतो तो गाणं आवडतं म्हणून कमी आणि बाहेरचा गलका गाण्यावर चढतो म्हणून जास्त. अंतर्कर्णातल्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बाहेरचा गोंगाट कानापर्यंत कमी पोहोचला, तर आवाज खाली आणायला मन आपसूक तयार होतं. नॉइज कॅन्सलेशनसाठी जादा पैसे मोजण्याचं मला पटणारं कारण हेच आहे.

पण हे तंत्र सगळ्या आवाजांवर सारखं चालत नाही. बाहेरच्या लहरीच्या नेमकी उलटी लहर सोडून ती मारायची, ही कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळालं. १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानाच्या घरघरीत संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा एमआयटीचे प्राध्यापक अमर बोस यांनी प्रवासातच गणित मांडायला घेतलं, आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. या जन्मकथेतच तंत्राची मर्यादा दिसते. विमानाची घरघर खालच्या पट्टीतली आणि एकसंध असते. १०० हर्ट्‌झच्या लहरीचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं, त्यामुळे मायक्रोफोन आणि चिपला उलटी लहर जुळवायला वेळ मिळतो. ३००० हर्ट्‌झला तेच आवर्तन मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात संपतं. तिथे जरासा उशीर झाला तरी लहर चुकते. म्हणून वरच्या पट्टीतले आवाज, भांड्यांचा खणखणाट किंवा शेजारच्या बाकावरच्या गप्पांमधली व्यंजनं, अडवायची असतात ती गादीने नाहीतर रबरी टिपने. कान नीट बंद होणं हीच अर्धी लढाई आहे, आणि खोक्यावर डेसिबलचे मोठे आकडे छापणाऱ्या जाहिराती तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत.

इथे लोकल हा चांगला दाखला आहे. २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवली-चर्चगेट धावली तेव्हापासून मुंबईत एसी लोकल आहे. दारं बंद, ब्लोअरची सलग घरघर. नॉइज कॅन्सलेशनला असाच आवाज मानवतो. साध्या लोकलच्या दारात मात्र वारा थेट बाहेरच्या मायक्रोफोनवर आदळतो, आणि चिपला तो खरा आवाज वाटून उलट फुरफुर वाढू शकते. तिथे घट्ट बसणारी टिप जास्त कामाची. शिवाय घामाने कानाभोवतीची गादी ओली होते, पाव किलोचा पट्टा गर्दीत डोक्यावरून सरकतो, चष्म्याच्या काडीमुळे गादीला फट पडते आणि त्या फटीतून नेमका खालच्या पट्टीचा गोंगाट आत शिरतो. उभ्याने लोकल किंवा बसचा प्रवास करणाऱ्याला मी इअरबड्सच सुचवीन.

बैठक लांबली की उत्तर बदलतं. दिवसभर घरून काम, अभ्यासिका, रात्रीची बस, अमेरिकेचा विमानप्रवास, इथे मोठा हेडफोन सरस. कानाच्या नळीत काही खुपसलेलं नसतं, त्यामुळे तासन्‌तास दाब किंवा खाज येत नाही. बॅटरीचाही फरक मोठा आहे. इअरबड्स एका चार्जवर साधारण पाच-सात तास चालतात, मोठे हेडफोन तीसच्या घरात. याचा अर्थ रोज वापरणाऱ्याची इअरबड्समधली इवलीशी बॅटरी वर्षाला शेकडो वेळा भरते-रिकामी होते, हेडफोनची आठवड्यातून एखाददुसऱ्यांदा. दोन-तीन वर्षांत इअरबड्स दमतात ते यामुळे, आणि चिकटवून बंद केलेल्या त्या कवचातली बॅटरी बदलून देणारा कारागीर सहजी मिळत नाही. मोठ्या हेडफोनच्या गाद्या मात्र बदलता येतात, आणि बॅटरी उतरली तरी बरेचसे वायरवर चालतात.

कोणी म्हणेल, कान असे बंद करून रस्त्यावर चालणं धोक्याचं आहे. आक्षेप अगदी खरा आहे. बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड आता पुष्कळ साधनांत असतो, पण मोटरमनच्या भोंग्याच्या बाबतीत त्यावर विसंबू नये; रूळांजवळ, रस्ता ओलांडताना आणि गाडी चालवताना दोन्ही कान मोकळेच हवेत. दुसरा आक्षेप पैशांचा. एवढा खर्च झेपत नसेल, तर नीट बसणाऱ्या टिपचे साधे वायरवाले इअरफोनही वरच्या पट्टीचा गलका बराच अडवतात. स्वस्तातलं नावापुरतं नॉइज कॅन्सलेशन घेण्यापेक्षा मला ते बरे वाटतात.

राहिली निवडीची रीत. दुकानाच्या शांततेत सगळेच छान वाजतात, म्हणून परत करायची मुदत असेल अशा ठिकाणीच घ्यावं आणि पहिल्याच दिवशी नेहमीच्या प्रवासात लावून बघावं. इअरबड्ससोबत येणाऱ्या लहान-मोठ्या तिन्ही टिपा दोन्ही कानांना वेगवेगळ्या लावून पाहाव्यात. दोन कानांची मापं एकसारखी असतीलच असं नाही. मग फोनवरची आवाजाची पट्टी बघावी. जुन्या इअरफोनवर ती जिथे असायची त्याच्या बरीच खाली आली नसेल, तर मुदतीच्या आत वस्तू परत करावी.