घड्याळातला ईसीजी : काय दिसते, काय दिसत नाही

पेण-रोह्याकडच्या कितीतरी घरांतला मुलगा किंवा जावई आखातात नोकरीला असतो. सुट्टीवर येताना तो पूर्वी अत्तर, खजूर, ब्लँकेट आणायचा. आता अब्बांसाठी ईसीजी काढणारे घड्याळही आणतो. भेट चांगलीच आहे. पण हे घड्याळ नेमके काय पाहते, हे घरातल्या सर्वांना ठाऊक हवे.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या लहरीने सुरू होतो. ही लहर त्वचेपर्यंत पोचते तेव्हा तिची ताकद जेमतेम १ मिलिव्होल्ट उरते, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलचा १,५०० वा हिस्सा. ती वाचायची तर शंभर ते हजार पट मोठी करावी लागते. हे काम अ‍ॅम्प्लिफायरचे. लाउडस्पीकरमध्येही तोच असतो.

अडचण अशी, की पंखा, ट्यूबलाइट आणि भिंतीतल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गोंगाटही आपल्या अंगावर उतरतो. तो हृदयाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठा असतो. सगळेच मोठे केले तर गोंगाट तेवढा वाढेल.

यावरचा उपाय समजायला धरमतरच्या खाडीतली होडी आठवा. होडीत दोन माणसे उभी आहेत. भरती आली की दोघेही सारखेच वर जातात, पण त्यांच्या उंचीतला फरक तेवढाच राहतो. ईसीजीचा अ‍ॅम्प्लिफायर असाच शरीरावरच्या दोन जागांमधला फरक मोजतो. घरातल्या विजेचा गोंगाट दोन्हीकडे जवळपास सारखा असल्याने वजा होतो आणि हृदयाची लहर उरते. चांगले सर्किट असा सामाईक गोंगाट दहा हजार पट किंवा त्याहूनही अधिक दाबते.

१९४० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्मन हॉल्टर यांनी चालत्या माणसाचा ईसीजी घेणारे यंत्र केले, तेव्हा ते पाठीवर बांधावे लागे आणि वजन होते सुमारे ३८ किलो. आज हे काम नखाएवढी चिप करते. आपल्याकडे पवईच्या आयआयटीने अंगावर बाळगायचे ‘सिलिकॉन लॉकेट’ तयार केले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे, मोबाइलवरून डॉक्टरांकडे आलेख पाठवणारे ईसीजी यंत्र विकसित केले.

आता मुख्य मुद्दा. घड्याळाची मागची बाजू एका मनगटाला टेकते आणि दुसऱ्या हाताचे बोट आपण त्याच्या बटणावर ठेवतो. म्हणजे जागा दोनच, आणि हृदयाकडे पाहण्याची बाजू एकच. रुग्णालयात अंगावर १० ठिकाणी इलेक्ट्रोड लावून हृदय १२ बाजूंनी पाहतात. ठोक्यांची लय बिघडली तर घड्याळ ते बहुधा ओळखते. पण हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला तर तो बदल या एका बाजूने दिसेलच असे नाही. नुसता हिरवा दिवा लुकलुकणारा पट्टा तर ईसीजी काढतच नाही. तो प्रकाशाने नाडी मोजतो.

म्हणून छातीत दाब, घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ जाणवली, तर घड्याळावर ‘नॉर्मल’ पाहून थांबू नका. मधुमेह असलेल्यांना त्रास सौम्यही वाटू शकतो. लगेच १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात नेऊन १२ बाजूंचा ईसीजी काढा. तोही पहिल्या वेळी साफ निघू शकतो. मग डॉक्टर तो पुन्हा काढतात, रक्तातले ट्रोपोनिन तपासतात. रात्री पेणहून पनवेल किंवा अलिबाग गाठायला वेळ लागतो, आणि रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू तेवढ्या वेळात मरत असतो.

एरवी घड्याळ जरूर वापरा. शांत बसून, हात टेबलावर टेकवून मोजा. हात हलला की स्नायूंची वीज आलेखात मिसळते. त्वचा फार कोरडी असेल तर बोट किंचित ओले करा. लय वारंवार बिघडलेली दिसली तर आलेख जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. चक्कर येते, छाती धडधडते, पण दवाखान्यात गेल्यावर सगळे ठीक दिसते, अशा माणसासाठी तो एक आलेख फार मोलाचा ठरतो.