दोरी जरा सैल सोड ना!

शनिवार, दुपारचे तीन. कापूरहोळला हायवे सोडून भोरच्या रस्त्याला लागलो आणि थोड्याच वेळात भाटघरच्या पाण्यावर. छोटीशी शिडाची होडी, मी आणि आमची टीम लीड. बाईसाहेब आयुष्यात पहिल्यांदा होडीत! लाइफ जॅकेट घट्ट, त्याहून घट्ट पकडलेली शिडाची दोरी.

शिकवताना मी आधी एकच विचारतो, वारा कुठून येतोय? शिडाला लावलेला लोकरीचा धागा बघा. नाहीतर दोन्ही कानांवर वारा सारखा लागेपर्यंत मान फिरवा. नाक जिकडे, वारा तिकडून!

आता मेख. थेट वाऱ्याच्या तोंडावर होडी जात नाही. दोन्हीकडे साधारण ४५ अंश रस्ता बंद. तिकडेच जायचंय? मग वरंधा घाटासारखं नागमोडी चढायचं.

आणि शीड किती ओढायचं? आधी फडफडेपर्यंत सैल सोडा, मग हळूहळू ओढा. फडफड थांबली की बास. वाऱ्याकडे चढताना शीड जवळजवळ होडीच्या मध्यावर, वारा बाजूने असेल तर अर्धं बाहेर, पाठीमागून असेल तर जवळपास काटकोनात. पाठवारा सोपा वाटतो, पण तेव्हाच शिडाखालचा दांडा सर्रकन दुसऱ्या बाजूला फिरतो. डोकं सांभाळा! २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या दिलीप दोंदेंचं गणितही हेच.

बाईंना काही पटेना. "जास्त ओढलं तर जास्त पळेल ना?" नाही हो, जास्त ओढलं की पळायच्याऐवजी कलते.

तेवढ्यात वेल्ह्याच्या डोंगरांकडून जोराचा झोत आला. होडी कलंडली, काठावरून पाणी आत. "दोरी सोड!" मी ओरडलो. तिने दोन्ही हातांनी आणखी आवळली. माझ्या पोटात गोळा! शिकताना मीही अशीच आवळली होती आणि उलट्या होडीला लटकून मदतीची वाट बघत बसलो होतो.

"अगं, सोड!"

सुटली एकदाची. शीड फडफडलं, होडी टुणकन सरळ!

"अरे, सोडल्यावर सरळ झाली?" तिचा आवाज अजून थरथरत होता. पण परतताना दोरी तिनेच धरली. दोन बोटांत.

सोमवारी मीटिंगमध्ये डेडलाइनवरून आरडाओरडा सुरू झाला. मी उठणार, तेवढ्यात ती कानाशी पुटपुटली, "थांब, फडफडू दे जरा. मग हळूच ओढू."