लहानग्यांचा वाढदिवस आणि थोडक्या पैशांतली भेट

आपल्या वस्त्यांतून मुलांचे वाढदिवस साजरे करण्याची प्रथा आता घरोघर रुजली आहे. भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांपुढे मेणबत्ती-अगरबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील ग्रहण करायचे, बाळाला आशीर्वाद द्यायचे आणि खिरीची वाटी घेऊन घरी परतायचे, एवढ्यावर पूर्वी कार्यक्रम आटोपत असे. पुढे केक आला, मंडप आला, ध्वनिक्षेपक आला. आम्हांला त्यात फारसे वावगे वाटत नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना आपली जन्मतारीखसुद्धा ठाऊक नव्हती, त्यांनी नातवंडांचे कौतुक हौसेने केले तर कोणी नाक मुरडू नये. परंतु या हौसेबरोबर आहेराचे जुने लोढणे मागच्या दाराने घरात शिरले आहे, आणि त्याविषयी बोलणे जरूर आहे.

घरभेटींच्या निमित्ताने आम्ही वस्तीत फिरतो तेव्हा एक गोष्ट वारंवार नजरेस पडते. शेजारी वाढदिवस असतो, बोलावणे आलेले असते, पण एखादी ताई ‘अंगात कणकण आहे’ म्हणून घरीच बसते. कणकण वगैरे काही नसते. महिन्याची अखेर असते. दोन मुलांना घेऊन रिकाम्या हाती जायचे कसे, हा तिचा प्रश्न असतो. काही ठिकाणी तर पाकिटांची यादी नावानिशी आणि रकमेनिशी ध्वनिक्षेपकावरून वाचली जाते. एकावन्न रुपयांनंतर पाचशे एक ऐकू आले की एकावन्नवाला पुढच्या वर्षी येत नाही. त्याची मुलेही येत नाहीत. वर्षभर एकत्र खेळणारी मुले नेमकी वाढदिवसाच्या दिवशी एकमेकांपासून तुटतात.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवण्यासाठी. आहेरासाठी उसने काढणारा माणूस हा चौथा भाग जमण्याआधीच खर्च करीत असतो. त्याच सुत्तात माणसे जोडून ठेवणाऱ्या चार गोष्टी येतात. दान, गोड बोलणे आणि हिताचे वागणे यांच्या जोडीला चौथी आहे समानत्तता, म्हणजे सर्वांशी सारखेपणाने वागणे. दानाची आठवण आपण काढतो, समानत्ततेची सहसा काढत नाही. म्हणून आमची पहिली सूचना यजमानांनाच आहे. यादी वाचू नये, भेटी पाहुण्यांसमोर उघडू नयेत, आणि बोलावतानाच ‘पोराला आशीर्वाद द्यायला या, काही आणू नका’ असे तोंडाने स्पष्ट सांगावे.

तरीही लहान मुलाकडे जाताना काहीतरी न्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मग काय न्यावे?

मुलाला किंमत कळत नाही, वस्तूचे काय करता येते ते कळते. वर्षाच्या बाळाला चारशे रुपयांची चावीची मोटार द्या. ते मोटार बाजूला सारून खोक्याशी खेळते, हे प्रत्येक आईने पाहिले आहे. या वयात मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते, आपटते, एकात एक घालून पाहते. म्हणून लहान-मोठ्या तीन स्टीलच्या वाट्या किंवा धुवट कपड्याच्या चिंध्या घट्ट भरून शिवलेला मोठा चेंडू त्याला पुरतो. एखाद्या आजीने जुन्या मऊ लुगड्याची गोधडी शिवून दिली, तर तिच्या तोडीची भेट दुकानात नाही.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला भरणे, ओतणे आणि रचणे यांचा नाद असतो. एक नरसाळे, दोन मापे आणि छोटी बादली दिली तर न्हाणीघरात तासभर जातो (पाण्यापाशी मोठ्या माणसाने बसलेच पाहिजे). सुताराकडे लाकडाचे उरलेसुरले तुकडे फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळतात. ते मुठीएवढे कापून घ्यावेत, कडा पॉलिश पेपरने हाताला मऊ लागेपर्यंत घासाव्यात, रंग लावू नये. असे वीस-पंचवीस तुकडे कापडी पिशवीत भरून दिले, तर शाळेत जाऊ लागल्यावरही मूल त्यांतून घरे, पूल आणि रेल्वे बांधत राहते. प्लायवुडचे तुकडे मात्र घेऊ नयेत. त्याच्या कडांची कुसळे बोटांत शिरतात.

तीन वर्षांनंतर पाटी आणि जाड रंगीत खडू द्यावेत. मळलेला मैदाही चांगला. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद एकत्र करावी, आणि साधारण वाटीभर पाणी थोडे थोडे घालत पोळीच्या कणकेसारखे मळावे. झाकणाच्या डब्यात हा गोळा काही दिवस मऊ राहतो. मीठ फार असल्याने मुलाने तो खाऊ नये, एवढे डब्यावर लिहावे आणि आईला सांगावे. चार-पाच वर्षांच्या मुलाला उड्या मारायची दोरी, हाताच्या तळव्याएवढे भिंग, सापशिडीचा पट, नाही तर मूठभर मेथीदाणे आणि मातीची कुंडी द्यावी. मेथी चार-पाच दिवसांत वर येते, आणि या वयाच्या मुलाचा धीर तेवढाच असतो.

मुलीला भातुकली आणि मुलाला बंदूक ही वाटणी आता सोडावी. खेळण्यातल्या बंदुकीने मूल हिंसक होते असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या खोलीत नुकतेच पाणातिपाता वेरमणी म्हटले, तिथेच बंदुकीचे खोके पुढे करणे विसंगत दिसते. आणि वाटीत कालवाकालव करायला मुलग्यांनाही तितकेच आवडते.

पुस्तकाविषयी थोडे सविस्तर लिहितो. विद्यार्थिदशेतल्या भीमरावांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सत्कारप्रसंगी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, ही हकीकत आपण दर जयंतीला ऐकतो. पण ती भेट होती आणि ती एक पुस्तक होते, हे वाढदिवसाची खरेदी करताना आठवत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने ओळीने लागतात. तिथे वर्षभराच्या वाढदिवसांचा हिशेब करून आठ-दहा पुस्तके एकदमच घ्यावीत. मात्र निवड डोळसपणे करावी. ‘बालांसाठी’ म्हणून विकली जाणारी पुष्कळ चरित्रे बारीक टायपात सनावळ्यांनी भरलेली असतात. चार वर्षांच्या मुलाला त्यांचा काही उपयोग नाही. पानभर चित्र आणि खाली दोन ओळी, असे पुस्तक हवे. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली आणि प्रथम बुक्सची मराठी पुस्तके अल्प दरात मिळतात. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके थोडी महाग पडतील, पण दोन घरांनी मिळून एक घ्यावे. जातककथांतही ससा, माकड, हरिण यांच्या सोप्या गोष्टी आधी स्वतः वाचून निवडाव्यात. काही जातके लहान मुलांना घाबरवतील अशी आहेत.

स्वस्त घेताना धोकादायक घेतले जाऊ नये. तीन वर्षांखालील मुलासाठी साडेचार सेंटिमीटरपेक्षा लहान चेंडू, गोट्या, मणी, सुटे होणारे डोळे-बटणे असलेली बाहुली नको. घशात अडकून श्वास कोंडतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत. सर्वांत वाईट म्हणजे चपटा गोल बटन सेल. तो गिळून अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजते. म्हणून गाणारी, दिवे लागणारी खेळणी सेलच्या झाकणाला स्क्रू असेल तरच घ्यावीत, आणि सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय न करता तडक इस्पितळ गाठावे. छोटे लोहचुंबकही तसेच घातक: दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन वळशांना चिमटा बसून भोक पडते. १ जानेवारी २०२१ पासून दुकानातल्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा अशा कारागिराच्या लाकडी खेळण्यावर ते चिन्ह दिसले नाही तर बिचकू नये. तिथे कडा आणि रंगाचे पापुद्रे पाहावेत.

ज्यांना पाकीटच द्यायचे आहे, त्यांनी ते नाव न घालता द्यावे. मुलगी दहा वर्षांच्या आतील असेल, तर आईवडिलांनी ती रक्कम २०१५ मध्ये सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी खात्यात भरावी; टपाल कार्यालयात हे खाते उघडता येते आणि वर्षाला किमान २५० रुपये भरले की चालू राहते. पाच-सहा पाकिटांत तेवढे सहज होतात.

विहारात एक मोठी पत्र्याची पेटी ठेवावी, असेही आम्ही सुचवतो. मूल मोठे झाले की धडधाकट खेळणी आणि पुस्तके त्या पेटीत यावीत आणि रविवारच्या वंदनेनंतर वहीत नोंदवून आठवड्यासाठी घरी न्यावीत. खेळणी साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवूनच पेटीत टाकावीत, मोडकी परत घेऊ नयेत. वही सांभाळायला आठवी-नववीतली मुलगी नेमली तर काम चोख होते.

आणि भेट गुंडाळायला चकचकीत कागद विकत आणू नये. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू बाहेर ठेवली की सुरेख पुडके होते. फक्त भगवान बुद्धांची किंवा बाबासाहेबांची प्रतिमा असलेले पान आधी वेगळे काढून ठेवावे.