रस्ते त्यांचे, गाड्या कुणाच्या?

द्रुतगती मार्गात पाकिस्तान आपल्या पुढे होता. लाहोर–इस्लामाबाद हा सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा मोटरवे १९९७ मध्येच सुरू झाला. आपला मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण व्हायला २००२ उजाडलं. गाड्यांचं मात्र उलटं. आपली मारुती ८०० २०१४ मध्ये निवृत्त झाली. तिचीच सख्खी बहीण, सुझुकी मेहरान, ऐंशीच्या दशकातला तोच चौकोनी साचा मिरवत २०१९ पर्यंत कराचीच्या कारखान्यातून बाहेर पडत होती. एअरबॅग तिला शेवटपर्यंत मिळाली नाही.

बांगलादेशाचं उदाहरण अधिक बोलकं. जागतिक बँकेनं हात आखडता घेतल्यावर त्यांनी पद्मेवरचा ६.१५ किलोमीटरचा पूल स्वतःच्या पैशानं बांधला आणि २०२२ मध्ये खुला केला. वर मोटारी, खाली रेल्वे. ढाक्यातल्या मोटारी मात्र बऱ्याचशा जपानहून आलेल्या वापरलेल्या.

श्रीलंकेनं डॉलर वाचवायला २०२० मध्ये मोटारींची आयात रोखली, ती खासगी गाड्यांसाठी २०२५ मध्ये खुली झाली. मधल्या काळात जुनी गाडी विकणाऱ्यांची चांदी झाली. नेपाळात पेट्रोल गाडीवर भरमसाट कर आणि वीज घरची, जलविद्युतची. त्यामुळे नव्या मोटारींत इलेक्ट्रिकचाच बोलबाला. भूतानच्या थिंफूत तर अजून सिग्नलचे दिवे नाहीत. मुख्य चौकात हातमोजे घातलेला पोलीस हातवारे करतो.

आणि आपण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतातल्या १०० घरांपैकी जेमतेम ८ घरांत मोटार आहे. गोव्यात ४५! दुचाकी मात्र देशातल्या जवळपास निम्म्या घरांत.